खडाखडीवरून कुस्ती

कुस्तीला उभे राहिलेले दोन मल्ल लगेच डावावर येत नाहीत. आधी हाताला हात लागतो, मानेवर पंजा पडतो, मनगट ओढून पाहिले जाते, समोरच्याचे कोणते पाऊल पुढे येते आणि कोणते मागे राहते याची टेहळणी होते. या साऱ्याला खडाखडी म्हणतात. खडाखडीचा विशेष असा, की तीत प्रत्येक जण दुसऱ्याचे बळ मोजू पाहतो आणि आपले होईल तितके झाकून ठेवतो. म्हणजे जे दिसते ते मुद्दामच अपुरे दाखवलेले असते. असे असूनही खडाखडी पाहताच निकाल सांगून मोकळा होणारा प्रेक्षक प्रत्येक आखाड्याच्या कडेला बसलेला असतो. त्याला कोणी अडवीत नाही. कारण पाच मिनिटांनी त्याचे बोलणे त्याच्यासकट सर्व जण विसरतात. पण हेच बोलणे जेव्हा छापले जाते, मोबाइलच्या पडद्यावरून गावोगाव फिरते, चौकातल्या फलकावर रंगवले जाते, तेव्हा तो एक लेखनप्रकार होतो; आणि लेखनप्रकार झाला की त्याची समीक्षा होणे क्रमप्राप्त ठरते.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे दोन हंगामांची चाहूल जवळजवळ एकदम लागते. एक उसाच्या गळिताचा, दुसरा कुस्तीच्या निवड चाचण्यांचा. यात्रांतले आखाडे चैत्र-वैशाखात होऊन गेलेले असतात, पावसाळाभर तालमीत मेहनत झालेली असते, आणि आता जिल्ह्याकडून कोण जाणार, महाराष्ट्र केसरीच्या गटात कोण टिकणार, याची चर्चा घोडनदीच्या एस. टी. स्थानकापासून दौंडच्या रेल्वे फलाटापर्यंत रंगते. या चर्चेतला बराचसा भाग आनंदाचा आहे आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. भाकीत करणे हे रसिकतेचेच एक अंग आहे. ज्याला पुढे काय होईल याची उत्सुकता नाही, तो खेळ पाहतो असे म्हणता येणार नाही.

प्रश्न आहे तो भाकीत कसे करावे याचा. या बाबतीत दुसऱ्या हंगामाकडून, म्हणजे उसाकडून, काही शिकण्यासारखे आहे. कारखान्याची मोळी पडली, पहिल्या आठवड्याचा साखरेचा उतारा कळला, म्हणून भीमाकाठचा शेतकरी साऱ्या हंगामाचा उतारा सांगत सुटत नाही. आरंभी उतारा कमी असतो, थंडी धरली आणि ऊस पक्व झाला की जानेवारी-फेब्रुवारीत तो चढतो, उन्हाळा लागला की पुन्हा उतरतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. तो पहिल्या आकड्याकडे दुर्लक्ष करीत नाही. त्या आकड्याला किती किंमत द्यायची हे जाणतो. उसाच्या बाबतीत इतका सावध असलेला हा माणूस पोराच्या कुस्तीच्या बाबतीत मात्र पहिल्या उताऱ्यावरच हिशेब मांडतो. हा विसंवाद कोठून येतो?

माझ्या मते तो भाषेतून येतो. हंगामपूर्व भाकितांची एक ठरीव भाषा तयार झाली आहे. तीत प्रत्येक मल्ल ‘प्रबळ दावेदार’ असतो, प्रत्येक वस्तादाचा पठ्ठा ‘हुकमी’ असतो, आणि विजय नेहमी ‘निश्चित मानला जातो’. कोण मानतो, कशावरून मानतो, हे सांगितलेले नसते. कर्मणी प्रयोगाचा आडोसा इतका सोयीचा आहे, की त्यामागे लेखक अजिबात दिसत नाही. निकाल लागल्यानंतर याच लेखनात दोन क्रियाविशेषणे हजर होतात: ‘अपेक्षेप्रमाणे’ आणि ‘अनपेक्षितपणे’. दावेदार जिंकला तर पहिले, हरला तर दुसरे. या दोन शब्दांत जगातला कोणताही निकाल मावतो. आणि ज्या भाकितात कोणताही निकाल मावतो ते भाकीतच नव्हे.

याच्याशेजारी तालमीतल्या जुन्या वस्तादाचे बोलणे ठेवून पाहावे. ‘दम टिकला तर हा भारी आहे’, ‘पट काढायला चांगला, पण खाली आला की उठत नाही’, ‘अजून दोन वर्षे जाऊ द्या’. या वाक्यांत अलंकार नाहीत, पण अटी आहेत. प्रत्येक वाक्य पुढे तपासता येते. दम टिकला की नाही हे सहाव्या मिनिटाला कळणारच असते. वस्ताद चुकू शकतो आणि चुकला तर कोठे चुकला हे त्याच्या वाक्यावरूनच दाखवता येते. समीक्षेची पहिली कसोटी हीच नव्हे काय?

दुसरा दोष पुराव्याचा आहे. हंगामाच्या तोंडी केलेली भाकिते बहुतेक यात्रांतल्या आखाड्यांवर उभी असतात. तिथे लाल माती असते, हलगी कडाडत असते, कुस्ती निकाली करण्याकडे कल असतो, आणि वेळेचे बंधन सैल असते. माती पावलाला धरते, घाम शोषते, अंगाने जड आणि दमाने दांडग्या मल्लाला साथ देते. महाराष्ट्र केसरीची रचना निराळी आहे. तिथे माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्ही विभागांतले विजेते एकमेकांसमोर येतात, आणि अलीकडच्या वर्षांत किताबाची लढत गादीवर होते. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक कृतीला गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीत वीस मिनिटे घुमवून प्रतिस्पर्ध्याला दमवणारा मल्ल इथे दमवायला सुरुवात करीपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणून वैशाखातल्या मातीवरून पौषातल्या गादीचे भविष्य वाचताना मधले अंतर मोजावे लागते. हे अंतर मोजणारे भाकीत क्वचितच वाचायला मिळते.

गेल्या काही वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत स्पर्धा झाली, तेव्हा अभिजित कटके आणि बाला रफिक शेख हे दोन माजी विजेते मैदानात होते आणि बोलणे साहजिकच त्यांच्याभोवती फिरत होते. दोघेही अंतिम लढतीपूर्वी बाहेर पडले. किताबासाठी उतरले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर घेतले. रोज एकमेकांशी सराव करणाऱ्या या दोघांना परस्परांविषयी जे ठाऊक होते, ते कोणत्याही भाकितकाराला ठाऊक असणे शक्य नव्हते.

२०२३ साल तर याहून बोलके आहे. त्या एकाच वर्षात दोनदा महाराष्ट्र केसरी ठरला. जानेवारीत पुण्यात कोथरूडला शेजारच्या खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवले. त्याआधी सिकंदर शेख गायकवाडकडून हरला होता आणि त्या लढतीतल्या गुणदानावरून मोठा वाद झाला होता. नोव्हेंबरात स्पर्धा फुलगावला, म्हणजे शिरूर तालुक्याच्या उंबरठ्यावर झाली, आणि तिथे सिकंदरने राक्षेला हरवले. जानेवारीच्या निकालावरून नोव्हेंबरचे भाकीत करणारा फसला. जानेवारीच्या अन्यायाच्या भावनेवरून भाकीत करणारा बरोबर ठरला, पण त्याचे कारण बरोबर होते असे म्हणवत नाही. सिकंदर जिंकला तो सहानुभूतीने नव्हे, डावाने. भाकीत खरे होणे आणि भाकितामागचा विचार खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे २०२५ मध्ये प्रश्नच दोनदा विचारला गेला. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला. राक्षेविरुद्धच्या त्याच्या लढतीतला पंचांचा निर्णय वादग्रस्त ठरला आणि अंतिम लढतीत गायकवाडने मैदान सोडले. मार्चअखेर दौंडहून भीमा ओलांडली की लागणाऱ्या कर्जत तालुक्यात दुसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी ठरला. मल्लाच्या ताकदीचा अंदाज करता येतो. पंचाच्या शिटीचा आणि संघटनांच्या मतभेदांचा करता येत नाही. शहाण्या भाकितकाराने आपल्या विद्येची हद्द इथे ओळखावी.

यावर असा आक्षेप येईल, की भाकिते खरीही ठरतात. नरसिंग यादवने २०११, २०१२ आणि २०१३ असा तीनदा, आणि त्याच्यामागून विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीनदा किताब घेतला, तेव्हा भाकितकारांनी त्यांचीच नावे घेतली होती की! घेतली असतील. पण दोनदा जिंकलेल्याला तिसऱ्यांदा जिंकेल म्हणण्यात द्रष्टेपणा कोणता? भाकिताचे मोल पहिल्या वेळी असते, नाव कोणी घेत नसते तेव्हा, आणि तेही का घेतले हे सांगितले तर.

अशा भाकिताचे एक थोर उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते महाविद्यालयीन खेळाच्या इतिहासातले आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी असलेला खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी केली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबाने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खर्डेकरांनी ‘प्रबळ दावेदार’ असा शब्द वापरला की नाही याला महत्त्व नाही. त्यांनी आपल्या अंदाजाला घर तारण दिले होते. भाकितकाराचे काय पणाला लागले आहे, हा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही.

आजच्या भाकितात भाकितकाराचे काहीच पणाला लागत नाही. जे लागते ते दुसऱ्याचे. सतरा-अठरा वर्षांचा एखादा मुलगा यात्रेत दोन मोठ्या कुस्त्या मारतो. लगेच त्याच्या छायाचित्राखाली ‘भावी महाराष्ट्र केसरी’ अशी अक्षरे झळकतात. मुलाचा खुराक वाढवावा लागतो. दूध, तूप, बदाम यांचा खर्च जिरायती शेतीला पेलणारा नसतो. घरातली माणसे त्या दोन शब्दांवर विसंबून कर्ज काढतात. पुढे खांदा निखळला, वजन गटात बसले नाही, किंवा नुसता दुसरा कोणी अधिक चांगला निघाला, तर अक्षरे रंगवणाऱ्याचे काही जात नाही. मुलगा मात्र पंचविशीत ‘होणार होता’ असा माणूस होऊन गावात वावरतो. साहित्यातही आपण हे पाहिले आहे. पहिल्याच संग्रहावर ‘उद्याचा थोर कवी’ असा शिक्का बसलेले किती जण त्या शिक्क्याखाली दुसरा संग्रह लिहू शकले नाहीत! आरंभीचे कौतुक आणि आरंभीचे भाकीत यांत फरक आहे. कौतुक झालेल्या गोष्टीचे असते. भाकीत न झालेल्या गोष्टीचे कर्ज त्या माणसाच्या नावावर मांडते.

मग भाकीत करूच नये काय? तसे नव्हे. आपल्या गावांत भाकिताची एक जुनी आणि सुसंस्कृत रीत आहे. तिचे नाव जोड लावणे. यात्रेच्या दिवशी पंच मंडळी बसतात, मल्ल पुढे येतात. खांद्याला खांदा लावून उभे करतात, मान, मांडी, छाती पाहतात, कोणत्या तालमीचा, मागे कोणाशी लढला, हे विचारतात. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत प्रत्येक जोड अशी ठरते. आता या पंचाचे कौशल्य कशात आहे? निकाल आधी ओळखण्यात नाही. निकाल कोणालाच ओळखता येऊ नये अशी जोड लावण्यात आहे. त्याला दोघांचेही बळ अचूक कळावे लागते, आणि ते कळल्यावर तो त्याचा उपयोग अनिश्चितता निर्माण करण्याकडे करतो. जोड फसली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. गावाची वर्गणी वाया गेलेली असते आणि पंचाला तोंड लपवायला जागा नसते. एकतर्फी जोडीला लोक हसतात, नुरा कुस्तीला शिव्या देतात, आणि तोलामोलाची कुस्ती सुटली तर हरलेल्याच्याही हातावर नोटा ठेवतात.

हंगामपूर्व लेखनाने या पंचाकडून धडा घ्यावा. जिंकणार कोण हे सांगण्यापेक्षा कोणाची कोणाशी जोड खरी आणि का, हे त्याने सांगावे. मातीतला कोणता गुण गादीवर चालेल, कोणता पडेल, ते लिहावे. अंदाज करायचाच तर अट घालून करावा आणि त्याखाली नाव व तारीख घालावी. हंगाम संपला की तेच पान पुन्हा उघडून कोणती अट पुरी झाली, कोणती नाही, याचा हिशेब द्यावा. आणि अठरा वर्षांच्या मुलाविषयी त्याने केलेल्या कुस्तीपलीकडे एक शब्दही लिहू नये.

एवढे झाले तर दिवाळीतली चर्चा फिकी पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट ती अधिक रंगेल. आखाड्याभोवतीची गर्दी निकाल माहीत असतो म्हणून जमत नाही. दोन सारखी माणसे समोरासमोर उभी आहेत आणि पुढच्या क्षणी काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही, एवढ्यासाठी माणसे उन्हात बसतात, झाडांवर चढतात, दहा मैल चालत येतात. त्यांची ती उत्कंठा शाबूत ठेवील तेच भाकीत चांगले.