हजार मीटर आणि दोनशे मीटर: दोन निकाल, दोन आकडे

निष्कर्षाचा भार एका आकड्यावर असेल तर तो आकडा कुठून आला हे विचारायचं, असं आपल्याला पदवीच्या प्रॅक्टिकलपासून शिकवतात. पेपर वाचताना मात्र आपण ते क्वचितच विचारतो. म्हणून आज दोन आकड्यांची चिकित्सा करू. हे आकडे प्रयोगशाळेतले नाहीत, हेगच्या न्यायालयातले आहेत. दोन्ही एकाच युद्धाबद्दलचे आणि दोन्हींचा विषय एकच: मारा नेम धरलेल्या जागेपासून किती दूर पडू शकतो. एक आकडा टिकला, दुसरा टिकला नाही.

थोडी पार्श्वभूमी. युगोस्लाव्हिया फुटत असताना क्रोएशियातल्या सर्बांनी डिसेंबर १९९१ मध्ये ‘सर्बियन क्रायिना प्रजासत्ताक’ जाहीर केलं. राजधानी क्निन. आंतरराष्ट्रीय मान्यता त्याला कधीच मिळाली नाही. त्याचं सैन्य १९९२ मध्ये आकाराला आलं, तेही स्थानिक संरक्षण दलं, पोलीस तुकड्या आणि युगोस्लाव्ह लष्कराकडून आलेली शस्त्रं एकत्र करून. मिलान मार्तिच हा मूळचा क्निनचा पोलीस अधिकारी. पुढे तो या राज्याचा गृहमंत्री झाला आणि १९९४ मध्ये अध्यक्ष.

१ मे १९९५ रोजी क्रोएशियाच्या सैन्याने पश्चिम स्लाव्होनियावर चढाई केली. क्रायिनाच्या सैन्याला तो भाग राखता आला नाही. २ आणि ३ मे रोजी या सैन्याने थेट झाग्रेब शहरावर ‘ओरकान’ रॉकेट्स डागली. त्यात सात माणसं मेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. मार्तिचने आदेश आपणच दिल्याचं जाहीरपणे सांगितलं. २००७ मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला या आणि इतर गुन्ह्यांसाठी ३५ वर्षांची शिक्षा दिली. ती अपिलातही कायम राहिली.

आता पहिला आकडा. निकालातलं तांत्रिक वर्णन असं: ओरकानला मार्गदर्शन यंत्रणा नसते. एका रॉकेटमध्ये २८८ छोटे बॉम्ब असतात आणि ते जमिनीवर साधारण दोन हेक्टरवर पसरतात. कमाल पल्ला ५० किलोमीटर, आणि त्या पल्ल्यावर रॉकेट कोणत्याही दिशेला सुमारे १,००० मीटर चुकू शकतं. मारा झाला तो व्हॉयनिच भागातून, म्हणजे जवळपास कमाल पल्ल्यावरूनच. म्हणून न्यायालय म्हणालं की शहरात लष्करी लक्ष्यं होती की नव्हती हा प्रश्नच गौण आहे, कारण इतक्या अंतरावरून हे शस्त्र ठरावीक लक्ष्य टिपूच शकत नाही.

या वर्णनात मला एक उणीव दिसते. ‘सुमारे १,००० मीटर’ म्हणजे नक्की काय? निम्मी रॉकेट्स ज्या वर्तुळात पडतात त्याची त्रिज्या, की जास्तीत जास्त चूक? आपल्याकडे एरर बारखाली हे लिहिलं नाही तर रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो. त्या वाक्यातून ते कळत नाही.

पण या उणिवेने निष्कर्ष हलतो का, ते तपासून बघा. १,००० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ हेक्टर. चूक निम्मी धरली, ५०० मीटर, तरी सुमारे ७८ हेक्टर उरतात. भरवस्तीत ७८ हेक्टरमध्ये कुठेही रॉकेट पडणार असेल तर त्याला नेम म्हणता येत नाही. शिवाय पुरावा एवढाच नव्हता, खुद्द अध्यक्षाची कबुली होती. म्हणजे आकडा ढोबळ, पण निष्कर्ष भक्कम.

दुसरा आकडा तीन महिन्यांनंतरच्या लढाईचा. ४ ऑगस्ट १९९५ ला क्रोएशियाने ‘ओलुया’ म्हणजे ‘वादळ’ मोहीम सुरू केली. क्निनवर तोफा आणि रॉकेट्सचा मारा झाला, दुसऱ्या दिवशी शहर पडलं. दीड ते दोन लाख सर्ब क्रायिना सोडून गेले. जनरल आंते गोतोविना यांच्यावर खटला चालला. मारा लष्करी लक्ष्यांवर होता की शहरावरच, हा त्यातला कळीचा मुद्दा. खालच्या न्यायालयाने एक कसोटी लावली: ज्ञात लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या आत पडलेला गोळा लक्ष्यावर डागलेला मानायचा, त्याबाहेर पडलेला नाही. या कसोटीचा मोठा आधार घेऊन २०११ मध्ये गोतोविना यांना २४ वर्षांची शिक्षा झाली.

अपिलात पहिलाच प्रश्न निघाला की हे २०० आले कुठून? साक्षीदारांनी सांगितलेले आकडे एकमेकांपासून बरेच लांब होते, आणि २०० हा आकडा त्यातल्या कशालाच जोडलेला नव्हता. वारा, तापमान, तोफेचं अंतर, शस्त्राचा प्रकार यांनी चूक बदलते, तरी चार गावांना एकच मर्यादा लावली होती. ही कसोटी चुकीची ठरली, यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं. इथे मगाचची तपासणी करून बघा. मर्यादा ४०० केली की ‘बाहेरचे’ गोळे कमी होत जातात, आणि त्यांच्यावर उभा केलेला हेतूचा निष्कर्षही त्याबरोबर विरत जातो.

पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये गोतोविना सुटले, पण ३ विरुद्ध २ मतांनी. दोन न्यायाधीशांचा आक्षेप साधारण असा होता: आकडा गेला, कबूल, मग योग्य मर्यादा काय आणि बाकीचा पुरावा, उदाहरणार्थ क्निनवर मारा करण्याचा लेखी आदेश, एकत्रितपणे काय सांगतो, हे पुन्हा का तपासलं नाही? मला हा आक्षेप रास्त वाटतो. एक माप बाद झालं म्हणून सगळा डेटा बाद होत नाही. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलं नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. हा फरक पुसला गेला तर घर सोडून गेलेल्या माणसांचा प्रश्न एका वर्तुळाच्या त्रिज्येवर निकालात निघतो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये किंवा पेपरमध्ये जो आकडा सगळ्यात जास्त वजन उचलतोय, त्याला तीन प्रश्न विचारा. तो कुठल्या मोजणीतून आला? तो निम्मा किंवा दुप्पट केला तर निष्कर्ष टिकतो का? आणि तो काढून टाकला तर हातात काय उरतं? तिसरा प्रश्न आपण सहसा टाळतो. हे दोन निकाल वाचायला घ्याल तेव्हा गोतोविना अपिलातली विरोधी मतं सोडू नका, कारण तो प्रश्न तिथेच विचारलेला आहे.