नामाचा संकोच : बनारसी ठुमरी आणि वर्गीकरणाचा प्रश्न

आपल्या गायनाला एखाद्या प्रकाराचे नाव देण्यास अनेक कलावंत नाखूश असतात. या नाखुशीचा अर्थ समीक्षेत बहुधा अहंकार किंवा सैद्धांतिक आळस असा लावला जातो. वाराणसीच्या गायनपरंपरेकडे पाहता तो अपुरा ठरतो.

गिरिजादेवी (१९२९–२०१७) यांची ख्याती 'ठुमरीची सम्राज्ञी' अशी झाली. प्रत्यक्षात सरजूप्रसाद मिश्र आणि श्रीचंद्र मिश्र यांच्याकडे तालीम घेतलेल्या या गायिकेच्या मैफलीत ख्यालापासून टप्पा, ठुमरी, चैती, कजरीपर्यंतचा विस्तार असे. एकाच गळ्यातून आलेल्या या गायनाचा एक भाग 'शास्त्रीय' आणि दुसरा 'उपशास्त्रीय' ठरतो, तो कोणत्या निकषावर? रागशुद्धतेच्या निकषावर म्हणावे, तर बोलबनावात शब्दाच्या एका अर्थच्छटेसाठी परक्या रागाची छाया घेऊन मूळ रागात परतावे लागते. त्यास रागज्ञान कमी नव्हे, अधिकच लागते. म्हणजे 'उप' हा उपसर्ग वर्णनपर नसून मूल्यवाचक आहे. ठुमरी जोपासली ती मुख्यतः तवायफांनी. विसाव्या शतकात संगीत विद्यालयांतून आणि सभागृहांतून प्रतिष्ठित होत असताना या प्रकाराच्या वाट्याला दुय्यम नाव यावे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

तथापि कलावंतांचा विरोध नाममात्राला आहे, असेही नाही. चैती चैत्राची, कजरी पावसाळ्याची, होरी फाल्गुनाची; ही नावे बनारसी गायकांनी निःसंकोच वापरली. ती गायनाचा प्रसंग सांगतात, पायरी सांगत नाहीत. व्यवहारनाम आणि वर्गनाम यांतील हा भेद लक्षात घेतला, की संकोचाचा रोख स्पष्ट होतो.

मराठी रंगभूमीचा अनुभव याला पूरक आहे. 'मानापमान' (१९११) या नाटकाच्या चालींसाठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा आधार घेतला. रंगमंचावर येताच तीच स्वरवळणे 'नाट्यसंगीत' झाली. स्वर फारसे बदलले नाहीत. स्थळ, श्रोता आणि प्रतिष्ठा बदलली.

वर्गीकरणाशिवाय अध्यापन वा अभ्यास संभवत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु वर्गीकरण म्हणजे श्रेणीकरण नव्हे. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी मांडल्या, त्या कार्य आणि प्रेरणा यांच्या आधारे. एकीला दुसरीचे 'उप'पद त्यांनी दिले नाही. किशोरी आमोणकरांनी घराण्याची चौकट नाकारली, तीही जयपूर-अत्रौलीची कसून तालीम आत्मसात केल्यानंतर. म्हणून अशा नकारात अज्ञान शोधण्याआधी समीक्षेने आपल्या संज्ञा तपासाव्यात. 'उपशास्त्रीय' हा शब्द वापरावाच लागला, तर तो कोणाच्या सोयीसाठी रूढ झाला, याची नोंद त्यासोबत असली पाहिजे.