लँडन कार्टरची दैनंदिनी : एक साधनचिकित्सा

व्हर्जिनियांतील सबाइन हॉलचा जमीनदार लँडन कार्टर (१७१०–१७७८) याची दैनंदिनी जॅक ग्रीन यांनीं १९६५ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केली. संपादन साक्षेपी आहे. परंतु साधनाचें मोल ठरवितांना लेखकाचा पक्ष विसरून चालत नाहीं. 'किंग' कार्टर या धनाढ्य पित्याचा हा पुत्र १७५२ ते १७६८ पर्यंत प्रांतिक विधिमंडळाचा सभासद होता. स्टँप-करास त्यानें स्वातंत्र्याच्या नांवानें विरोध केला. घरांत मात्र पुत्र रॉबर्ट वर्मली याच्याशीं त्याचें नित्य वितुष्ट. १७७५ त गव्हर्नर डनमोरनें बंडखोरांच्या, शस्त्र धरूं शकणाऱ्या दासांस मुक्तीचें अभिवचन दिलें. जून १७७६ त सबाइन हॉलमधील मोझेस प्रभृति दास रातोरात पळाले. ही हकीकत आपणांस धन्याच्याच लेखणींतून कळते. तींत दास अपराधी, धनी पीडित! एकट्या वादीच्या कथनावरून निवाडा देऊं नये, हा न्याय येथेंहि लागू आहे. ऱ्हिस आयझॅक यांनीं २००४ च्या ग्रंथांत याच दैनंदिनींतून पळालेल्यांची बाजू शोधण्याचा यत्न केला, तो म्हणूनच स्तुत्य होय. दासांची कृति हाच त्यांचा लेख. तो वाचल्यावांचून हें साधन अर्धेंच वाचलें, असें म्हणावें लागतें.