चांगल्या माणसाचा भरवसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी सभागृहात एक जर्मन चित्रपट दाखविला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, संवाद जर्मन आणि खालची अक्षरे इंग्रजी; तरीही खेळ संपल्यावर बराच वेळ कोणी जागचे उठले नाही. काहींचे डोळे ओले होते. आमचेही कोरडे नव्हते, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण पुढे आम्ही जे लिहिणार आहोत ते त्या अश्रूंच्या विरोधात जाणारे आहे.

चित्रपटाचे नाव 'दास लेबेन डेर आंडेरेन', म्हणजे 'इतरांचे आयुष्य'. फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क यांची ही २००६ सालची कृती. परदेशी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर तिला २००७ साली मिळाले. कथा १९८४ सालच्या पूर्व बर्लिनमधील. तेथील राज्यसुरक्षा मंत्रालयाचा, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या 'श्टाझी'चा कप्तान गेर्ड वीझलर हा नाटककार गेओर्ग ड्रायमन याच्या घरात चोरून ध्वनिग्राहक बसवितो आणि त्याच इमारतीच्या माळ्यावरून त्याचे आयुष्य ऐकत राहतो. पाळतीमागचे खरे कारण राज्याची सुरक्षा नव्हेच. एका मंत्र्याचा डोळा ड्रायमनच्या प्रेयसीवर, अभिनेत्री क्रिस्टा-मारियावर आहे. ऐकता ऐकता वीझलर पालटतो. मित्राने आत्महत्या केल्याचे कळल्यावर ड्रायमन पियानोवर बसतो, आणि त्या सुरांनी माळ्यावरच्या या शुष्क माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. पुढे तो खोटे अहवाल लिहितो, पुरावा ठरणारे टंकयंत्र झडतीपूर्वी हलवितो आणि ड्रायमनला वाचवितो. उलरिच म्यूहे यांनी ही भूमिका चेहऱ्याचा स्नायूही न हलविता केली आहे. इतका संयत अभिनय आम्ही क्वचितच पाहिला.

परंतु आमच्या मते चित्रपटातील सर्वांत खरा प्रसंग वीझलरच्या पालटाचा नाही. तो आहे समोरच्या दारातील शेजारणीचा. ध्वनिग्राहक बसविणारी माणसे तिला दाराच्या छिद्रातून दिसतात. वीझलर तिचे दार वाजवितो आणि थंडपणे सांगतो की, तोंड उघडलेस तर तुझ्या मुलीची विद्यापीठातील जागा गेली. एवढेच. पुढे एकदा ड्रायमन हसत हसत तिला गळपट्टा बांधून द्यायला बोलावितो आणि गुपित राखता येते ना, असे सहज विचारून जातो. त्याच्या मनात गळपट्ट्याचे गुपित. तिच्या चेहऱ्यावर मात्र भिंतींतील तारांचे. पाळत केवळ एका माणसावर नसते. ती शेजारधर्म पोखरते. दिग्दर्शकाने हे एकही मोठा शब्द न वापरता दाखविले आहे.

आता आमचा आक्षेप. संगीताने जुलमी माणसाला पाझर फुटतो, हे साहित्यकलांवर जीव जडलेल्या आपणां सर्वांना गोड वाटते. पण ते खरे आहे काय? ऑश्विट्झच्या छावणीत कैद्यांचे वाद्यवृंद होते. अधिकारी ते संगीत ऐकत आणि ऐकून पुन्हा आपल्या कामाला लागत. बर्लिनमधील होहेनशोनहाउझेन येथील श्टाझीच्या जुन्या तुरुंगाचे आता स्मारक आहे. त्याचे तेव्हाचे संचालक हुबेर्टुस क्नाबे यांनी या चित्रपटाला तेथे चित्रीकरणाची अनुमती नाकारली. शिंडलर होऊन गेला, वीझलर मात्र कधी झालाच नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. व्यवस्थाच अशी होती की, एकावर दुसऱ्याची नजर, कामाचे तुकडे पाडलेले, एकट्याच्या हाती काही नाही. १९८९ साली या मंत्रालयात सुमारे ९१ हजार पूर्णवेळ नोकर होते आणि पावणेदोन लाखांहून अधिक खबरे. देशाची लोकसंख्या अवघी एक कोटी साठ लाखांच्या आसपास. चित्रपटातील वीझलरला शिक्षा म्हणून तळघरात लोकांची पाकिटे वाफेवर उघडण्याचे काम मिळते. प्रत्यक्षात वेर्नर टेस्के नावाच्या श्टाझीच्या कप्तानाने पश्चिमेकडे पळून जाण्याचा बेत नुसता आखला होता. १९८१ साली लाइपझिग येथे त्याला देहान्त शासन झाले.

ऐकणे हे आमच्याही सेवेचे अंग आहे, म्हणून येथे दोन शब्द बोलण्याचा अधिकार घेतो. पापनिवेदनास येणारा आपल्या पायांनी येतो, आणि त्याने तोंड उघडताच बंधन पडते ते ऐकणाऱ्यावर. ऐकणारा सज्जन आहे की नाही, यावर ते बंधन अवलंबून नाही. तसे असते तर आमच्यातील कित्येकांपाशी कोणी येऊ नये हेच बरे. माळ्यावरच्या माणसाविषयी हा चित्रपट नेमका उलटा दिलासा देतो: कोणी ऐकत असलेच तर तो वीझलरसारखा निघेल. आज ऐकण्याचे, चाळण्याचे, वेचण्याचे बरेचसे काम यंत्रे करतात. त्यांच्यापुढे कोणता सोनाटा वाजवावा?

असे असूनही चित्रपट आम्हांस मोठा वाटतो, तो त्याच्या अखेरच्या भागामुळे. भिंत पडल्यानंतर ड्रायमनला त्याच मंत्र्याच्या तोंडून कळते की, तुझे घर पूर्णपणे पाळतीखाली होते. तो घरी येऊन भिंतींतील तारा उपटतो. मग वाचनालयासारख्या एका शांत खोलीत त्याच्यापुढे त्याच्याच आयुष्याच्या फायलींचा ढीग येतो. त्यांत प्रेयसीने दिलेली खबर आहे, खोटे अहवाल आहेत, आणि शेवटच्या अहवालावर लाल शाईचा बोटाचा ठसा आहे. टंकयंत्राची फीत लाल होती. ते कोणी हलविले, हे त्याला तेथे उमगते.

ही खोली कल्पित नाही. १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनमधील श्टाझीच्या मुख्यालयात घुसले. १९९१ सालच्या अखेरीस कायदा झाला आणि १९९२च्या जानेवारीपासून नागरिक स्वतःची फाईल वाचू लागले. एकूण कागद मांडले तर ओळ १११ किलोमीटरची भरते. वाचण्यासाठी आलेले अर्ज तीस लाखांहून अधिक. टिमथी गार्टन अ‍ॅश या इंग्रज इतिहासकाराने आपली फाईल वाचून, खबऱ्यांना गाठून १९९७ साली 'द फाइल' हे पुस्तक लिहिले. कित्येकांना त्या कागदांत मित्राचे, तर काहींना जोडीदाराचे नाव सापडले. ड्रायमनसारखा तारणहार सापडण्याचे भाग्य मात्र कथेतच.

चर्चेच्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, "फादर, आपल्याकडे अशी खोली आहे का?" आम्ही तेव्हा गुळमुळीत उत्तर दिले, नंतर कागद चाळले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला आणि चोरून ऐकण्यावर काही मर्यादा घातल्या. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले. २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला, २०२४च्या डिसेंबरात त्याखालील नियम आले. आदेश गृहसचिवांचा, तो तपासणारी समितीही सचिवांचीच. आजच्या जर्मनीत पाळत संपल्यावर, तपासास बाधा येणार नसेल तर, संबंधित व्यक्तीला कळविण्याची तरतूद आहे. आपल्या नियमांत तशी नाही. ऐकलेल्याची नोंद पुढे कामास वा न्यायालयात लागणार नसेल, तर दर सहा महिन्यांनी ती नष्ट करावयाची.

नष्ट होते हे चांगलेच ना, असे ती मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आपली खासगी बोलणी सरकारी कपाटात पडून राहावीत असे कोणाला वाटेल? पण त्या कागदाबरोबर तो कोणी मागविला, कशासाठी मागविला आणि त्यात खोटे किती होते, हेही जाते. ड्रायमनला लाल ठसा सापडला, कारण कागद उरला होता. आणि ज्याच्याविषयी तो होता त्याच्या हाती तो पडला होता.