नव्वद टक्के कर्क्युमिन गेलं, पण कशातून?

हळदीवर काम करायचं म्हटलं की एक पेपर हमखास समोर येतो: वाँग आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा. पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंश सेल्सिअसला अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नष्ट झालं, असं त्यात आहे. प्रयोग नीटनेटका आहे. पीएच ३ ते १० तपासलाय, रक्तात ते जास्त टिकतं हेही दाखवलंय.

माझी तक्रार पेपरपेक्षा आपल्या वाचण्याबद्दल आहे. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी हाच आकडा देऊन ‘हळद पावडर साठवणुकीत अस्थिर’ असं लिहिलं होतं. गाइडनी एवढंच विचारलं, “पावडरीत बफर कुठंय?” उत्तर नव्हतं. द्रावणातला वेग कोरड्या पावडरीला लावता येत नाही.

दुसरा मुद्दा कारणाचा. त्या पेपरमुळे व्हॅनिलिन, फेरुलिक ॲसिड ही नावं रुळली आणि ‘पाण्यानं रेणू तुटतो’ असं आपण धरून चाललो. पण ओएतारी यांच्या १९९६ च्या पेपरमध्येच व्हिटॅमिन सी, ग्लुटाथायोन घातल्यावर कर्क्युमिन जास्त टिकल्याची नोंद आहे. हा ऑक्सिडेशनकडे बोट दाखवणारा धागा होता. २०११ मध्ये ग्रीसर आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन रेणूत शिरून बायसायक्लोपेंटाडायोन तयार होतं, हे दाखवलं. कारण बदललं की उपायही बदलतो: नुसतं कोरडं ठेवून भागत नाही, हवाही अडवावी लागते.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवा. जमिनीखाली अंधार, तापमान स्थिर, तोंड बंद. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, कारण आत ऑक्सिजन कमी असायचा. कीड लागत नसे ती त्यामुळेच. मात्र तिथं अख्खी हळकुंडं असायची. दळलेल्या पावडरीला हवा आणि उजेड कितीतरी जास्त भिडतो. म्हणून पेवाचा दाखलाही पावडरीला जसाच्या तसा लावू नका.

उमरग्यात मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो, वीज जाते. फ्रीजवर सगळा भरवसा नको. सॅम्पल छोट्या, काठोकाठ भरलेल्या गडद बाटल्यांत वाटून ठेवा. थंड बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. आणि पहिल्या दिवसाचं रीडिंग घ्याच. ते नसेल तर सहा महिन्यांनी किती गेलं, हे कशाशी ताडणार?