‘नाळे बा’ आणि नागरूप नवरा

१९९० च्या दशकात बंगळूर शहरात आणि कर्नाटकातील कित्येक गावांत घरांच्या दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, अशी अक्षरे दिसू लागली होती. रात्री चेटकीण हिंडते, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा घात करते, अशी वदंता होती. दारावरची अक्षरे वाचून ती परतते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते! (चेटकीण साक्षर असावी, हे तूर्त बाजूला ठेवू.) आपल्याकडचा चकवा वाटसरूला वाटेवर गाठतो, ही उंबरठ्यापाशी येते, तीही घरच्या माणसाची ओळख घेऊन.

गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ (१९८८) ह्याच उंबरठ्यावर घडते. ए. के. रामानुजन ह्यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथा त्याच्या मुळाशी आहेत. अप्पण्णा राणीला घरात कोंडून रखेलीकडे जातो. आंधळी कुरुडव्वा तिला वशीकरणाची मुळी देते. मुळी घातलेले कालवण रक्तासारखे लाल होते. राणी भिऊन ते वारुळात ओतते. मग तेथला नाग तिच्यावर अनुरक्त होऊन नवऱ्याच्या रूपाने रात्री घरात येऊ लागतो.

हा नाग म्हणजे राणीच्या उपाशी मनाचे स्वप्न, असा उलगडा करण्याचा मोह होतो. आम्हांस तो पटत नाही. स्वप्नाने गर्भ राहत नाही आणि पंचांपुढे दिव्य करण्याची पाळीही येत नाही. नाग हाती धरून राणी सांगते, की ह्या हाताने धरलेले दोघेच : नवरा आणि हा नाग. शब्दन् शब्द खरा! नाग डसत नाही म्हणून गाव तिला देवी ठरविते. डसता, तर हेच गाव तिला कुलटा म्हणून मोकळे झाले असते. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली आणि कर्नाटकाने २०१७ साली कायदे केले, ते योग्यच झाले. परंतु कायद्याची नजर मांत्रिकावर असते. कुलूपबंद घरात मुळीवाचून दुसरा उपाय न उरलेली बाई दाखवावी ती कथेनेच. नाग खोटा ठरविला, की तीही दिसेनाशी होते.

नाटकाला दोन शेवट आहेत. एकात नाग राणीच्या केसांत स्वतःला फास लावून मरतो आणि त्याचा अग्निसंस्कार ती आपल्या मुलाकडून करविते. दुसरा आम्हांस लोककथेच्या अधिक जवळचा वाटतो : त्यात ती नवऱ्याच्या नकळत जिवंत नागाला आपल्या केसांत राहू देते.