बेलेंचें शोधस्मारक : अस्सल कीं नक्कल?

लिस्बन शहराच्या बेलें भागांत टॅगस नदीच्या कांठीं पोर्तुगीज दर्यावर्द्यांचें जें स्मारक उभें आहे, त्याच्या शिल्पाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, व ती रास्तही आहे. गलबताच्या नाळेसारखा पुढें झेपावणारा त्याचा आकार मनांत भरतो. परंतु आमच्या वाचकांनीं त्याकडे एक दस्तऐवज म्हणून पाहावें, एवढ्यासाठींच हें टिपण.

कागद हातीं येतांच अस्सल कीं नक्कल हें प्रथम पाहावें लागतें. हें स्मारक नक्कल आहे. मूळ स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठीं वास्तुकार कोतिनेली तेल्मु व शिल्पकार लिओपोल्दु द आल्मैदा यांनीं तात्पुरत्या सामग्रीचें उभारिलें होतें. तें पुढें मोडण्यांत आलें. युवराज हेन्रीच्या मृत्यूस ५०० वर्षें झालीं, त्या निमित्तानें १९६० मध्यें तेंच काँक्रीट व दगड यांत पुन्हा उभें राहिलें. पुढील वर्षींच, १९ डिसेंबर १९६१ रोजीं, गोवा पोर्तुगीजांच्या हातून गेला.

त्याचें ‘पाद्रांव’ हें नांव मात्र जुनें. नव्या किनाऱ्यावर रोवावयाच्या दगडी खांबास पोर्तुगीज खलाशी पाद्रांव म्हणत. त्यावर क्रूस, राजचिन्ह व लेख असे. दियोगु काऊनें असे खांब १४८२ पासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रोविले. कोण, कोणाच्या आज्ञेनें, कोठवर आला, हें त्यांवरून कळतें. बेलेंच्या स्मारकावरून १९४० मधील राज्यकर्त्यांचें मन कळतें. पंधराव्या शतकाविषयीं त्याची साक्ष बेतानेंच घ्यावी.

अग्रभागीं हेन्री व दोन्ही बाजूंस मिळून बत्तीस, अशा तेहतीस मूर्ती आहेत. गामा घराण्यांतील तिघे आहेत, आल्बुकेर्क आहे, झेवियर आहे; स्त्री एकच, हेन्रीची आई फिलिपा. इतिहासकारांत जुआंव द बारुश यास स्थान मिळालें. तें योग्यच, परंतु ज्यानें हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं, लिस्बनमध्यें बसून आशियाचीं ‘दशकें’ लिहिलीं, तो बारुश आहे, आणि तें काम पुढें चालविणारा दियोगु द कोतु नाहीं! कोतु १५५९ मध्यें हिंदुस्थानांत आला, गोव्याच्या दफ्तरखान्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला व १६१६ मध्यें गोव्यांतच वारला. आजारपणांत त्याच्या दोन दशकांचीं हस्तलिखितें चोरीस गेलीं. तीं त्यानें आठवणीनें संक्षेपरूपानें पुन्हा लिहून काढिलीं. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस हें दुःख निराळें सांगावयास नको. गोव्याच्या कारभारांतील लाचलुचपतीवर त्यानें एक कडक संवादही लिहिला आहे. असा साक्षीदार मिरवणुकींत शोभत नाहीं, हें खरें.

जागा अपुरी होती, हा बचाव टिकत नाहीं. एकाच घराण्यास तीन जागा देतांना ती अपुरी पडली नाहीं. मालिंदीहून कालिकतपर्यंत गामाचीं जहाजें ज्यानें आणिलीं, तो वाटाड्याही त्या तेहतिसांत नाहीं.